कोणत्या सरपणाची राख

आपण शेतात काही टाकलं नाही, याचाही दाखला घ्यावा लागतो हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. टाकलं असेल तर त्याचा जाब विचारावा, हे मी समजू शकते. न टाकल्याचा जाब विचारणारी माणसं पहिल्यांदा दारात आली तेव्हा मला वाटलं, यांना जमीन पाहिजे.

तसं वाटायला कारण होतं. आमची जमीन पाथर्डीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. सगळी मुरमाड. तिथं हुलगा येतो, थोडी बाजरी येते, बाकी दगड. ती जमीन आजवर कुणी हौसेनं पाहायला आलं नव्हतं. आणि आता इस्त्रीच्या कपड्यातला एक माणूस बांधाबांधानं फिरत मोबाईलवर फोटो काढत होता आणि म्हणत होता, "वा, काय माती आहे!" त्या मातीला वा म्हणणारा माणूस खुळा तरी असणार, नाही तर लबाड. खुळा तो दिसत नव्हता.

हा माणूस म्हणजे सुनेच्या गटाचा सल्लागार. कागद तयार करून द्यायला तिनंच त्याला नगरहून बोलावलं होतं. सुनेनं गावातल्या बाया जमवून बचत गट केला होता. हुलगा भाजायचा, दळायचा, पुड्या भरायच्या. पुडीतलं पीठ पाण्यात कालवून, गूळ-मीठ घालून उकळलं की झालं माडगं. आमच्याकडं माडगं म्हणजे पडशाला, बाळंतिणीला, नाही तर घरात दुसरं काही नसलं की प्यायची गोष्ट. पुण्यात ते काचेच्या पेल्यातून पितात, असं सून सांगायची. तिथला एक दुकानदार पुड्या घ्यायला तयार होता, पण पुडीवर सेंद्रिय असल्याचं हिरवं चिन्ह पाहिजे, ही त्याची अट होती. चिन्ह नाही तर दुकानात जागा नाही.

सुनेला ते चिन्ह कशासाठी पाहिजे होतं, ते सांगते. ती लग्न होऊन आली त्या सालापासून माझ्या मुलाबरोबर ऊसतोडीला जात होती. आमच्या भागातली बरीच घरं जातात. दसरा झाला की ट्रकमध्ये संसार भरायचा आणि उन्हाच्या तोंडाला परत यायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा गडी गेला तर अर्धा. मीही जन्म त्यात काढला. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढता चढता माझी मान गेली. सुनेची कंबर जायला लागली होती. तिनं घरात सांगून टाकलं होतं, चिन्ह मिळालं आणि दुकान लागलं तर कोयता सुटला. नाही मिळालं तर पुढच्या दसऱ्याला ट्रक आहेच. तिच्या लेखी मधलं काही नव्हतं.

चिन्ह असं लगेच मिळत नाही. काही वर्षं ते देणारे लोक नुसतं शेत बघत राहतात, पानं भरून घेतात. ती वर्षं संपत आली होती. शेवटची तपासणी व्हायची म्हणून सून त्या हंगामात तोडीला गेली नव्हती. मुलगाही राहिला होता आणि कुणाच्या तरी टेम्पोवर बदली ड्रायव्हर म्हणून जात होता.

सल्लागार मला मावशी म्हणायचा. मला या मावशीची ओळख आहे. तोडीला माणसं नेणारा मुकादम दसऱ्याच्या आधी दारात येतो, तोही मावशीच म्हणतो. तुमची एखादी अडचण तो मोठ्या मनानं झाकतो, कुणाला सांगत नाही. पुढं हंगामात तुम्ही तोंड उघडलं की तीच अडचण तो सगळ्या टोळीसमोर मांडतो. झाकणाऱ्या माणसाच्या हातात झाकण असतं. म्हणून मी सल्लागाराला चहा द्यायची, पण त्याच्यासमोर घरातलं बोलायची नाही.

माझा दुसरा डोळा वरच्या शेतावर होता. ते माझ्या चुलत दिराचं. तो कापूस लावतो आणि पाठीवर पंप घेऊन सारखा औषध मारतो. त्याचं औषध वाऱ्यानं आमच्या हुलग्यावर आलं असतं तर सगळंच संपलं असतं. बांधावरून आमचं आणि त्याचं जुनं वाजलेलं होतं, त्यामुळं तो मुद्दाम करील असं मी धरूनच चालले होते. एकदा बांधावर उभी राहून मी त्याला म्हटलं, "वारं आमच्याकडं असंल तवा पंप घ्यायचा न्हाई."

"वैनी, मंग वाऱ्याला इचारून फवारू का आता?"

"व्हय. इचारूनच."

"आन् वाऱ्यानं सांगितलं न्हाई तर?"

"तर मी सांगीन. मी हितंच हाय."

तो हसला, पण त्यानं ऐकलं. आमच्या बाजूच्या कडेला तुरीची दाट ओळही लावली, औषध अडावं म्हणून. कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं, पऱ्हाट्या, त्या तर तो दर साली आम्हालाच द्यायचा. आम्ही बायांनी त्या उपटून न्यायच्या. त्याचं रान मोकळं होतं, आमचं वर्षाचं सरपण होतं. हे गावात सगळीकडं असंच चालतं. त्याच्यावर डोळा ठेवून असताना त्याच्याच पऱ्हाट्या मी डोक्यावरून घरी आणत होते, आणि त्यात काही वावगं आहे असं माझ्या मनाला शिवलं नाही.

तपासणीच्या आदल्या दिवशी सल्लागार आला. घरात फिरला. मी तेव्हा हुलगा साठवत होते. कडधान्य राखेत ठेवायचं, ही आमची रीत. शेणानं लिंपलेल्या कणगीत हुलग्याचा थर, वर चाळलेल्या राखेचा थर, परत हुलगा. मग भुंगा लागत नाही. माझ्या सासूनं असंच केलं, तिच्या सासूनंही असंच केलं असणार. दोन कणग्या भरून झाल्या होत्या. राख संपली म्हणून बाकीचा हुलगा पोत्यांतच होता.

सल्लागारानं कणगीत डोकावलं आणि तोंड बारीक केलं.

"मावशी, उद्या मॅडम येतील तेव्हा राखेचं काढू नका."

"का? राख वाईट हाय का?"

"वाईट नाही हो. पण प्रश्न वाढतात. फॉर्मवर आपण साठवणीत काही वापरत नाही असं लिहिलंय."

"मंग खोटं लिवलंय."

"खोटं नाही, सोपं लिहिलंय. कणग्या लिंपून बंद करा, वर गोधड्या टाका. मी सांभाळून घेतो."

सून माझ्याकडं न बघता म्हणाली, "बरं." मी कणग्यांची तोंडं शेणानं लिंपली. पण त्याचं ते सांभाळून घेतो माझ्या कानात राहिलं.

दुसऱ्या दिवशी तपासणीवाली आली. पोरसवदा बाई, पायात बूट, पाठीवर पिशवी, बरोबर स्वतःची पाण्याची बाटली. सुनेनं चहा पुढं केला तर म्हणाली, "आजी, आम्हाला ज्यांची तपासणी करायची त्यांचं काही घेता येत नाही. राग मानू नका." मी राग मानला नाही, पण सावध झाले. सरकारी, निमसरकारी, जो कुणी आला तो आमच्या दारात चहा प्यायला, आणि मग त्याला जे पाहिजे ते बोलला. न पिणारी बाई काय मागणार, हे कळायला मार्ग नव्हता. मी तिच्या मागंमागं राहिले.

ती शेतात गेली. माती चुरून पाहिली. तुरीची ओळ पाहिली. दिराला हाक मारून कोणतं औषध, कधी, कसं, सगळं विचारलं. तो बांधापलीकडून म्हणाला, "ह्या वैनीला इचारा मॅडम, माज्यापेक्षा तिला जास्त म्हाईत हाय मी कवा फवारतो ते."

मग ती म्हणाली, गटातल्या बाकीच्या बाया कुठं आहेत? निम्म्या तर कारखान्यावर होत्या. तिची भुवई वर गेली. सभासद कागदावर आणि माणूस जागेवर नाही, म्हटल्यावर कुणाचीही जाईल. सुनेनं एकीला व्हिडिओ फोन लावला. ती उसाच्या फडात, डोक्याला फडकं, मागं ट्रकचा आवाज.

"बोला मॅडम, पन लवकर. गाडी भरायची हाय."

"तुमच्या हुलग्यावर यंदा काय औषध मारलं?"

"औषध? मॅडम, आमाला ताप आला तर औषध न्हाई, हुलग्याला कुठून आनू?"

तपासणीवाली पोरगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मला तिचं हसू खोटं वाटलं नाही, आणि त्याचाच मला राग आला, कारण मला ती आवडायला नको होती.

घरात आल्यावर तिनं पोती पाहिली, गिरणी पाहिली, भाजायची कढई पाहिली. मग सरळ मला विचारलं, "आजी, हुलगा ठेवता कसा? किडत नाही?"

सल्लागार मध्येच म्हणाला, "वाळवून पोत्यात भरतात, मॅडम."

"मी आजींना विचारलं."

सून माझ्याकडं बघत होती. तिला काय पाहिजे होतं ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. खरं बोलायची मला काही हौस नव्हती. आयुष्यात लागलं तिथं मी खोटं बोलले आहे. पण त्या घटकेला मला तो माणूस दिसत होता. आज त्यानं झाकलं की उद्यापासून सुनेचा गट त्याच्या मुठीत. दर साली तो येणार, कणगीवर हात ठेवणार आणि मावशी म्हणणार. त्याच्यापेक्षा ही चहा न पिणारी बरी, निदान तिच्या पोटात आमचं काही नव्हतं.

"राखंत ठेवते," मी म्हटलं. "त्या गोधड्या काढ गं." सुनेनं काढल्या नाहीत, मीच काढल्या. लिंपण फोडलं.

पोरगी रागावली नाही. उलट म्हणाली, "राख चालते. जुनी पद्धत आहे, चांगली आहे." माझ्या मानेवरचं ओझं उतरलं. मग तिनं चिमूटभर राख हातावर घेतली आणि विचारलं, "कशाची राख?"

"कशाची म्हंजी? चुलीतली."

"चुलीत काय जाळता?"

उत्तर द्यायची गरजच नव्हती. दारासमोर अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग होता, माणसापेक्षा उंच. ती वळली आणि तिनं तो पाहिला. सुनेनं पाहिला. मीही पाहिला, इतके दिवस रोज पाहत होते तरी जसा पहिल्यांदाच. वरच्या शेतातलं औषध वाऱ्यानं येऊ नये म्हणून मी बांधावर उभी राहत होते, आणि तोच कापूस सरपण करून मी घरात आणला होता, जाळला होता, आणि त्याची राख चाळून हुलग्यात घातली होती.

तिनं हातावरची राख बोटानं पसरली. त्यात एक काळा चकाकता खडा होता. प्लास्टिक, वितळून आळलेलं.

"हे?"

"ते माझ्या ल्योकाचं काम," मी म्हटलं. "पानी तापवायला बसला की दुधाची पिशवी टाकल्याशिवाय त्याचा इस्तू पेटत न्हाई."

सून कशीबशी म्हणाली, "मॅडम, पन एवढं जळून गेल्यावर औषध ऱ्हातं का?"

"बहुतेक राहत नसेल," पोरगी म्हणाली. "पण ताई, मला 'बहुतेक' लिहिता येत नाही."

हे वाक्य मला पटलं. मी तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मी आयुष्यभर बहुतेक या शब्दावर कुणाला सोडलेलं नाही.

तिनं दोन्ही कणग्या बाजूला काढायला लावल्या. त्यांवर पट्ट्या चिकटवल्या, फोटो घेतले. पोत्यांतला हुलगा राखेला लागला नव्हता, त्याचा नमुना पिशवीत भरून सील केला. कणग्यांतला माल चिन्हाखाली विकायचा नाही, पोत्यांचं तपासणीनंतर कळवू, एवढं बोलून ती गेली. जाताना बाटलीतलं पाणी संपलं होतं तरी तिनं आमच्या माठातलं मागितलं नाही.

ती वळणाआड गेल्यावर सल्लागार माझ्यावर उखडला. "मावशी, स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात."

"पाय माझा हाय, धोंडा पन माझाच. तुमी कशाला लंगडता?"

तो पाय आपटत गेला. सून मात्र उखडली नाही, आणि ते जास्त वाईट होतं. भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "आत्या, एक दिस गप ऱ्हायला आसता तर काय झालं आसतं?" मी तिला मुकादमाचं सांगितलं, झाकण्याचं सांगितलं. तिनं ऐकलं, पण तिची कंबर तिलाच दुखत होती, मला नाही. बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मी त्या पोरीच्या फोनची वाट पाहत होते. आता काहीतरी मागेल, कणग्यांचं सोडून देते म्हणेल, असं मला वाटत होतं. फोन आला नाही. आला तो कागदच. पोत्यांतला हुलगा पास झाला होता. चिन्ह मिळालं होतं, पण निम्म्याच मालाला.

पुड्या पुण्याला गेल्या. विकल्या गेल्या. दुकानदारानं आणखी मागितल्या, आणि पोती संपली होती. सल्लागार परत उगवला. मी गोठ्याच्या बाजूला होते, तो सुनेला काय म्हणाला ते मी ऐकलं. कणगीतला हुलगा दोनदा धुवा, वाळवा, दळा. पिठात राख दिसत नाही. कोण बघायला येतंय?

सून म्हणाली, "इचार करते."

तिनं त्याला हाकललं नाही, हे माझ्या मनात बसलं. तो गेल्यावर मी दोन्ही कणग्यांची तोंडं परत लिंपली आणि ओल्या शेणात माझा अंगठा दाबला, कडेनं, कुणाच्या लक्षात येणार नाही असा. लिंपण फोडून परत कुणी केलं तर मला कळलं असतं. रोज सकाळी झाडताना मी अंगठे बघायची. घरातल्या माणसावर असा पहारा ठेवायला मला लाज वाटली नाही. जिला गरज असते तिच्यावरच नजर ठेवावी लागते, आणि तिच्याएवढी गरज घरात कुणाला नव्हती.

चार-आठ दिवसांनी सून चुलीपाशी बसून म्हणाली, "आत्या, ते आंगठे कशाला मारून ठिवलेत?"

"कोन्ते आंगठे?"

"बघा! आता मलाच इचारा. मला उघडायचंच आसतं तर मी लिंपून माझा आंगठा मारला आसता की. तुमच्या एकटीलाच हाय व्हय आंगठा?"

"तुझा मोठा हाय. मला कळला आसता."

ती हसली. किती दिवसांनी. मग सरळ झाली आणि म्हणाली, "दुकानदाराला कालच सांगितलंय, माल संपला. आता नवा आल्यावर. आन् ह्यो सल्लागार परत आला तर तुमीच बाहीर या, मला त्याला न्हाई म्हनायला जमत न्हाई."

"मला जमतं."

"म्हाईत हाय."

कणग्यांतला हुलगा आम्ही पाथर्डीच्या बाजारात नेला, राखेसकट. साधा हुलगा म्हणून विकला. एका बाईनं विचारलं, औषधाचा आहे का. मी म्हटलं, हुलग्याला मारलं न्हाई, राखेचं देवाला म्हाईत. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पायली घेतली.

दसऱ्याच्या आधी घरात बोलणं झालं. निम्म्या मालावर साल निघालं नव्हतं, ते सगळ्यांनाच कळत होतं. मुलाला टेम्पोची नोकरी पक्की झाली होती, म्हणून सुनेनं थांबायचं ठरवलं. नवा हुलगा येईपर्यंत, एवढंच ती म्हणाली. कायमचं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही. वरच्या शेतातल्या पऱ्हाट्या आम्ही आता दुसरीला नेऊ देतो. सरपणाला आमच्याच बांधावरची बाभूळ तोडतो. धूर जास्त होतो, डोळे जातात.

ट्रक निघाले त्या सकाळी आमच्या दारावरून गेले. गटातल्या निम्म्या बाया वर बसलेल्या. त्यातली एक ओरडली, "चल की गं! जागा हाय अजून!"

सून दारातून म्हणाली, "ठिवा जागा! पुढच्या साली सांगते."

ट्रकमधल्या सगळ्या हसल्या. तीही हसली. चेष्टेत म्हणाली की खरंच, ते मी तिच्या तोंडाकडं बघून ओळखायला गेले. ओळखता आलं नाही. धूळ खाली बसली तेव्हा ती आत जाऊन घरापुरता ठेवलेला हुलगा भाजायला कढई चुलीवर ठेवत होती.

"बघत काय बसलाय आत्या," ती म्हणाली, "चाळन द्या हिकडं."